मी फाडलेली चार पानं

गुरुजींनी वही टेबलावर ठेवली आणि एका बोटानं माझ्याकडे सरकवली. हातात दिली नाही. ते माझ्या हातातून काही घेत नसत, माझ्या हातात काही देत नसत. मी त्यांच्याच शाळेत मास्तरीण होते, तरी.

"अक्षर मोत्यासारखं आहे हो तुमचं," ते म्हणाले. "पण ही मधली चार पानं तेवढी काढा."

"कुठली, गुरुजी?"

विचारायची गरज नव्हती. मला माहीत होतं कुठली.

समोरच्या खुर्चीत भाऊसाहेब बसले होते. तळ्याकाठच्या केळीच्या आणि पानवेलीच्या बागा त्यांच्या. शाळेची जागासुद्धा त्यांच्याच घराण्यानं दिलेली. ते माझ्याकडे बघत नव्हते. खिडकीतून तळ्याकडे बघत होते. तिकडेच बघत गुरुजींना म्हणाले, "हिला सांगा, गावाचा इतिहास लिहायला सांगितला होता. महारवाड्याचा नाही."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी. तरी माझ्याशी नाही, गुरुजींशी.

गुरुजी ओशाळले. चांगले होते ते. चांगले होते म्हणून तर मला काही बोलता आलं नाही. मऊ आवाजात समजवायला लागले. "हे बघा बाई, इथं तुम्ही लिहिलंच आहे ना, 'भाऊसाहेबांच्या आजोबांनी हे तळे खोदविले.' खोदले नाही. खोदविले. म्हणजे दुसऱ्यांकडून खोदवून घेतले. तुमची माणसं त्या शब्दात आलीच की. मग आणखी चार पानं कशाला?"

खोदणे, खोदविणे. हे व्याकरण त्यांनीच मला शिकवलं होतं. आमची माणसं त्या एका 'वि'मध्ये बसवायची होती.

"काढते," मी म्हटलं.

"तुम्हीच काढा. मी फाडली तर बरं दिसायचं नाही."

मी फाडली. कशीतरी ओरबाडून नाही. टेबलावरची पट्टी मागून घेतली, शिवणीपासून बोटभर जागा सोडून पट्टी दाबली आणि एकेक पान सरळ फाडलं. कडा वेडीवाकडी दिसू नये म्हणून. मग टाक शाईत बुडवून पुढच्या सगळ्या पानांचे आकडे बदलले. मधून काही गेलंय हे कुणाला कळू नये इतकं स्वच्छ काम केलं.

भाऊसाहेब उठता उठता म्हणाले, "हुशार आहे."

आणि मला बरं वाटलं.

हे लिहिताना हात जड होतो. पण लिहिते. त्या क्षणी मला राग आला नाही, रडू आलं नाही. बरं वाटलं. फाडलेली पानं मी कोपऱ्यातल्या टोपलीत टाकली. संध्याकाळी शिपायानं टोपलीतले कागद चहाच्या चुलीत घातले, तेही मी पाहिलं.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. शिवाशिव मानू नये असा कायदा झाला होता. तो आम्ही मुलांना शिकवतही होतो.

गावाचं नाव मी सांगत नाही. वटारकडून निघालेली गाडीवाट सोपाऱ्याकडे जाते, त्या अंगाला अशी पुष्कळ गावं आहेत. आमचं तळ्याभोवती बसलेलं. पश्चिमेला बागा, दिवसभर रहाटाची करकर. उत्तरेला देऊळ, शाळा आणि वरची आळी. दक्षिणेला किरिस्तावांची आळी आणि त्यांचा चुनखडी लावलेला क्रूस. पूर्वेला बांध. बांधाच्या खाली आमचा महारवाडा. त्याच्यापुढे भातखाचरं, मग मिठागरं, मग खाडी.

म्हणजे तळं आमच्या डोक्यावर होतं. घराच्या मागच्या दारात उभं राहिलं की पाण्याची पातळी आपल्या उंचीच्या वर. पावसाळ्यात बांधातून पाझरून पाणी घरात यायचं, भुई ओली व्हायची, आम्ही पोती अंथरून झोपायचो. आणि प्यायला? प्यायला खाडीच्या बाजूचं बावखल. शेतातला एक खड्डा, साचलेल्या पाण्याचा. होळी झाली की त्याचं पाणी मचूळ लागायचं. तळ्याला हात लावायचा नाही.

दर वैशाखात तळ्याचा तळ उघडा पडला की वरच्या आळीतून हाळी यायची. सगळा वाडा तळ्यात उतरायचा. पोटऱ्यांपर्यंत गाळात उभं राहायचं, पाट्या भरायच्या, बागेत नेऊन केळीच्या बुडाशी ओतायच्या. आठ-आठ दिवस. बदल्यात दुपारची भाकर, तीही लांबून पदरात टाकलेली. गाळात आम्ही चालत होतो. पाऊस पडून तळं भरलं की चालत नव्हतो.

लहान असताना मी आयला विचारलं होतं, "आय, आपन गाळाला शिवतो तवा तळं बाटत नाय?"

आय म्हणाली, "गाळ त्यांना पायजे."

एवढंच. पुढं काही समजावलं नाही. तिला समजावून सांगायची सवय नव्हती.

बा मी चार वर्षांची असताना गेला. आय गवताचे भारे कापून विकायची, मिठागरावर जायची, आणि मला शाळेत पाठवायची. सुरुवातीला मी शाळेच्या ओट्यावर बसायचे, दाराबाहेर. गुरुजींनी मला आत घेतलं. शेवटच्या रांगेत, भिंतीला, पण आत. त्यासाठी वरच्या आळीतल्या लोकांची बोलणी खाल्ली. पुस्तकं दिली. फायनलच्या परीक्षेला बसवलं. लोकल बोर्डाच्या शाळेत मला लावून घेतलं तेही त्यांच्याच शब्दावर. आमच्या वाड्यातली शिकलेली मी पहिली मुलगी.

हे सगळं खरं आहे. आणि माझी पाटी तपासली की ते हात धुवायचे, हेही खरं आहे.

त्यांनी माझी बोली धुतली. आमच्याकडे पाण्याला पानी म्हणतात. गुरुजींनी मला वर्गासमोर उभं करून 'पाणी' म्हणायला लावलं. जीभ वळेपर्यंत. सगळी मुलं हसत होती. मी शंभरदा म्हटलं. पाणी, पाणी, पाणी. तहान लागली होती आणि शाळेतल्या माठाला मी हात लावू शकत नव्हते, तरी म्हणत होते. नंतर मी घरी जाऊन आयला सुधारायला लागले. "पानी नाय आय, पाणी." आय आधी हसायची. मग हसेनाशी झाली. मग माझ्यासमोर कमी बोलायला लागली.

मला ते कळलंसुद्धा नाही. मला वाटलं, आय थकली.

मास्तरीण झाल्यावर मी पांढरं पातळ नेसायला लागले. रोज धुतलेलं. गाळाच्या दिवसांत वाडा तळ्यात उतरायचा तेव्हा मी शाळेच्या खिडकीपासून लांब बसायचे. आय खाली पाट्या उचलत असायची. तिनं मला हाक मारू नये, असं मला वाटायचं. तिनं कधी मारली नाही.

तर ती वही. वरून शाळांना पत्र आलं होतं. प्रत्येक शाळेनं आपल्या गावाचा भूगोल आणि इतिहास लिहून ठेवावा, मुलांना आपलं गाव कळावं. माझं अक्षर चांगलं म्हणून काम माझ्याकडे आलं. देवळाचं गुरुजींनी सांगितलं. बागांचं आणि तळ्याचं भाऊसाहेबांच्या घरून लिहून आलं. पूर्वेच्या बाजूबद्दल गुरुजी म्हणाले, "तुमच्याकडचं तुम्हीच घाला दोन ओळी."

दोन ओळींसाठी मी आयला विचारलं. रविवारची दुपार होती. ती दारात भात पाखडत होती. मी म्हटलं, "आय, आपला वाडा हितं कवापासून हाय?"

तिनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. मी पुष्कळ दिवसांनी घरच्या बोलीत बोलले होते.

"ल्हिनार हायस?"

"हो."

"मग सांगते तसं ल्ही. मधी तुजं घालू नको."

आणि ती बोलायला लागली. चार रविवार बोलली. माझी आय, जी दिवसात दहा वाक्यं बोलायची नाही.

तिच्या आजीनं तिला सांगितलेलं ते. आधी इथं तळं नव्हतं. सखल रान होतं, पावसात पाणी साचायचं, माघात आटायचं. बागांना पाणी पुरेना म्हणून मालकानं ते खोल करून पूर्वेला बांध घालायचं ठरवलं. आमची माणसं तेव्हा खाडीच्या काठाला राहत होती. त्यांना उठवून इथं आणलं. तीन उन्हाळे खोदलं. बायका पाळणे करंजाच्या झाडाला टांगून खोदत होत्या. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी सोडायची मोरी बसवताना बांधाची दरड सुटली. आयचा आजा राघो आणि त्याची बहीण सोनी, दोघं खाली गेली.

"काढली नाय?" मी विचारलं.

"काढू दिली नाय. पाऊस तोंडावर आलेला. वरून माती टाका म्हनाले. बांध बसला पायजे. आजी आडवी पडली मातीवर. तिला उचलून बाजूला ठेवली नि माती टाकली."

माझा टाक थांबला.

"ल्ही," आय म्हणाली.

मग कळलं, दर वर्षी गाळ काढायच्या आधी आय बांधावर जाऊन एका जागी चिमूटभर हळद-कुंकू का टाकते. मला वाटायचं कुठला तरी देव आहे. मी शिकलेली, मी मनात हसायचे.

शेवटच्या रविवारी तिनं नावं सांगितली. खोदणाऱ्यांची. बोटांच्या पेरांवर मोजत. राघो, सोनी, भिवा, गोमी, लहानी, मुका पांडू, धाकल्या, त्याची सासू... एकोणीस. पुष्कळ होते, पण तिच्या आजीनं तिला एवढीच दिली होती. दोन नावांवर अडली तेव्हा शेजारच्या तानबाला बोलावलं. तानबा वाड्यातला सगळ्यांत म्हातारा. त्यानं डोळे मिटून ती दोन नावं सांगितली आणि एकाचं दुरुस्त केलं.

सगळं लिहून झालं तेव्हा आयनं वहीवरून हात फिरवला. ओल्या शाईवर बोट लागू नये म्हणून कडेकडेनं.

"ह्ये ऱ्हानार?"

"कायमचं राहणार, आय."

तिनं सगळ्या वाड्यात सांगितलं. आपली नावं शाळेच्या वहीत गेली. माझ्या पोरीनं घातली.

आणि तीच पानं मी पट्टी लावून फाडली.

शाळेचे तपासनीस यायचे होते. आम्ही त्यांना दिपोटी म्हणायचो. ते आले त्या दिवशी दुपारी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. दिपोटी, भाऊसाहेब, वरच्या आळीतली मंडळी खुर्च्यांवर. मुलं सतरंजीवर. गुरुजींनी मला वही वाचायला उभी केली.

मी वर बघितलं. कुंपणाच्या बाहेर, रानभेंडीच्या मोठ्या झाडाखाली वाडा आला होता. सगळा. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया. तानबा काठीवर रेलून अगदी कुंपणाला चिकटून उभा. आय मागे, ठेवणीतलं लुगडं नेसून. डोक्यावरचा पदर नीट केलेला. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आपली नावं ऐकायला आले होते.

पळून जावं असं वाटलं. पण वाचलं. गावाच्या सीमा वाचल्या, पीकपाणी वाचलं. आवाज कापला नाही. "भाऊसाहेबांच्या पूज्य आजोबांनी हे तळे खोदविले." टाळ्या पडल्या. आता आमचं यायचं. बाहेर माणसं थोडी पुढे सरकली, मला दिसलं. मी पान उलटलं आणि देवळाच्या उत्सवाचं वाचायला लागले.

कुंपणाकडे पुन्हा बघितलं नाही. वाचन संपल्यावर बघितलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

दिपोटी म्हणाले, "अहो, उच्चार किती शुद्ध! अजिबात वाटत नाही." काय वाटत नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. गुरुजींचे डोळे भरून आले होते. त्यांना माझा अभिमान वाटत होता.

घरी आले. आय चुलीपाशी होती. लुगडं बदललं होतं. मला म्हणाली, "आपलं कवा आलं गं? माज्या कानावर नाय आलं."

इथं मी खरं सांगू शकले असते. तिथं भाऊसाहेब नव्हते, गुरुजी नव्हते, नोकरीची भीती नव्हती. फक्त आय होती.

मी म्हटलं, "आलं की. तू लांब होतीस."

आयनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाली, "असंल. वारा व्हता."

दुसऱ्या दिवसापासून ती वाड्यात सांगायला लागली. पोरीनं वाचली नावं. वारा व्हता, म्हनून ऐकू नाय आली. तिला कुणी काही बोललं नाही. कुंपणापाशी उभे होते त्यांना ठाऊक होतं. वारा नव्हता. पान हललं नव्हतं त्या दिवशी. वाड्याला तिची दया आली. माझ्यामुळे माझ्या आयवर वाड्यानं दया करावी, इथवर मी तिला आणलं.

पंधरा दिवस ती तसं सांगत राहिली. शेवटी तानबानं तिला बसवून खरं सांगितलं. त्याला राहवलं नसेल.

त्या संध्याकाळी मी शाळेतून आले. आयनं भाकर वाढली. मी पहिला घास घेतला तेव्हा ती म्हणाली,

"वहीत नाय ना?"

मी मान हलवली.

"फाडलं कोनी?"

"मी."

"तुज्या हातानं?"

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला अजून एक भाकर वाढली. कालवण वाढलं. मी जेवेपर्यंत समोर बसली. मग उठून भांडी घेऊन बाहेर गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलली. जेव, झोप, पाऊस येतोय, कपडे काढ. बाय म्हणायची मला, तेही बंद झालं. वैशाखात बांधावर हळद-कुंकू टाकायला ती एकटी गेली. मी मागून निघाले तर वळून म्हणाली, "तू नको."

एक वर्ष गेलं. मधल्या पावसात तानबा वारला.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊसाहेबांनी ठरवलं, वहीचं पुस्तक छापायचं. आजोबांच्या नावानं. गुरुजींनी मला बोलावलं. छापखान्यासाठी स्वच्छ प्रत करून द्यायची होती. पहिल्या पानावर माझं नाव येणार होतं. "बघा, तुमच्या समाजातल्या मुलीचं नाव पुस्तकावर," गुरुजी म्हणाले. खरंच आनंद झाला होता त्यांना.

मी वही घेतली. घरी आणली नाही. आणायची हिंमत झाली नाही. शाळेतच कपाटात ठेवली आणि घरी जाऊन आयसमोर बसले.

"आय, नावं सांग. पुन्हा लिहिते."

ती गवत निवडत होती. हात थांबला नाही.

"कुठली नावं?"

"खोदणाऱ्यांची. तुला येतात."

"येतात."

"मग सांग ना."

"माज्या आजीनं माज्याकडं ठिवायला दिली. मी तुज्याकडं दिली. तू टाकली." तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "आता तुला नाय देनार."

मी तिचे पाय धरले. तिनं पाय ओढून घेतले नाहीत. पण नावंही सांगितली नाहीत.

मी वाड्यात घरोघर गेले. मास्तरीण मी, पांढऱ्या पातळातली. आतापर्यंत सणासुदीलाही कुणाच्या दारात बसले नव्हते. काहींनी बसायला घोंगडी टाकली. काहींनी नाही. गोमीची नातसून म्हणाली, "कशाला पायजेत? आनि येकदा फाडायला?" मी उभीच राहिले. तिनं बऱ्याच वेळानं तिच्या घरातली दोन नावं सांगितली. माझी कीव येऊन सांगितली असतील.

सहा दिवस फिरले. राघो आणि सोनी धरून अकरा नावं मिळाली. आठ मिळाली नाहीत. ती मी स्वतः लिहिली होती, माझ्याच अक्षरात, आणि मला आठवत नव्हती. लिहिताना मी ऐकत नव्हते. अक्षर सांभाळत होते.

हे मला सहाव्या दिवशी कळलं, बावखलाच्या काठी घागर बुडवताना. भाऊसाहेबांनी आमची माणसं मोजली नाहीत, ते त्यांचं. मी का मोजली नाहीत? मला आत बसायला जागा मिळाली होती. शेवटच्या रांगेत, भिंतीला. त्या हातभर जागेसाठी मी आयची भाषा दिली, आयचं तोंड बंद केलं, मातीखालची दोन माणसं पुन्हा पुरली. आणि कुणी माझ्यावर हात उगारलासुद्धा नव्हता. पट्टी मी मागून घेतली होती.

सातव्या दिवशी मी शाळेत गेले. खोलीत गुरुजी होते, आणि भाऊसाहेबही, पुस्तकाचंच बोलत बसलेले. मी वही टेबलावर ठेवली.

"झाली प्रत?" गुरुजींनी विचारलं.

"नाही केली. करणार नाही."

"म्हणजे?"

"करायची तर सगळं लिहीन. तळं कुणी खोदलं, बांधाखाली कोण आहे, सगळं. नाहीतर माझ्या अक्षरात काही नको."

भाऊसाहेब हसले. गुरुजींना म्हणाले, "आता हिला इतिहास कळायला लागला."

मी त्यांच्याकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलले. "भाऊसाहेब, मी इथं उभी आहे. मला सांगायचं ते मला सांगा."

त्यांचं हसू गेलं. पण ते माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हाही नाही.

गुरुजी उठून जवळ आले. पण हातभर अंतरावर थांबले. "पोरी," ते म्हणाले. एकटी असले की ते मला पोरी म्हणायचे, चारचौघांत बाई. त्या दिवशी भाऊसाहेबांसमोर म्हणाले. "पोरी, मी तुला आत घेतलं. तुझ्यासाठी किती सोसलं मी. हेच का फळ?"

राग सोपा असतो. उपकार कठीण असतात.

"तुम्ही आत घेतलंत, गुरुजी," मी म्हटलं. "पण माझ्या आयला बाहेर ठेवून घेतलंत. आणि मी आले."

त्यांच्या टेबलावर लाल शाईची दौत होती. मी त्यांचाच टाक उचलला. वहीचं पहिलं पान उघडलं. तिथं माझं नाव होतं. त्यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'या वहीतली चार पाने मी स्वतः फाडली. त्यांत तळे खोदणाऱ्या एकोणीस माणसांची नावे होती. त्यांतली अकरा पुढे देत आहे. आठ माझ्यामुळे गेली.' अकरा नावं लिहिली. सही केली. तारीख घातली.

अक्षर वाईट आलं. मी सुधारलं नाही.

"हे काय केलंस तू?" गुरुजी म्हणाले. त्यांनी टाक पुसायला फडकं घेतलं.

भाऊसाहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "बदलीचं बघा."

बदली झाली. पुस्तकही छापलं. दुसऱ्या कुणाकडून प्रत करून घेतली. लाल शाईचं पान त्यात अर्थातच नव्हतं. तळे खोदविले, एवढंच होतं. त्या वर्षी गाळाची हाळी आली तेव्हा वाड्यातली निम्मी माणसं गेली, निम्मी गेली नाहीत. जी गेली नाहीत त्यांना बागेतलं काम मिळालं नाही. माझ्या नावानं दोन्ही बाजूंनी बोटं मोडली. कुणी मला शाबासकी दिली नाही आणि मी ती मिळवलीही नव्हती.

आयला मी सगळं सांगितलं. वहीवर काय लिहिलं ते शब्द न् शब्द. तिनं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली. नावं सांगितली नाहीत. बदलीच्या गावी मी तिला न्यायला बघितलं, ती आली नाही. चार वर्षांनी गेली. शेवटचे दोन दिवस मी उशाशी होते. मी विचारलं नाही. विचारायचा हक्क मी गमावला होता. आठ नावं घेऊन ती गेली.

लोक मला म्हणतात, तू तेव्हा लहान होतीस, नवी नोकरी, काय करणार होतीस? मी ते ऐकून घेत नाही. मला ते माफ केलेलं नको. ही लाज माझी आहे आणि ती मी कुणाला पुसू देणार नाही. ती गेली तर मी पुन्हा पट्टी मागीन.

बदलीचं गाव चंदनसारच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. वारल्यांचे तीन पाडे, मधे एक ओढा. शाळा एका खोलीची. तिथंही तेच पत्र आलं, गावाचा भूगोल आणि इतिहास लिहा. मी लिहायला घेतलं. जे लिहिलं ते दर आठवड्याला पाड्यावर जाऊन अंगणात बसून वाचलं, त्यांच्या बोलीत सांगून. ते मधेच थांबवायचे. "तसं नाय बाई, आमचा बाप आधी आला, रस्ता मागनं." मी खोडायचे. पुन्हा लिहायचे. पुन्हा वाचायचे. वही खाडाखोडीनं भरून गेली.

तपासनीस आले त्या दिवशी दोन पाडे झाले होते, तिसरा बाकी होता. तिथले हेडमास्तर घाईघाईनं माझ्याकडे आले. "बाई, वही द्या. साहेब थांबलेत."

"थांबू देत," मी म्हटलं. "अजून एका पाड्यावर वाचायची आहे. त्यांनी हो म्हटलं की देईन."

"आणि त्यांनी नाही म्हटलं तर?"

"तर मिळणार नाही."

मी वही काखेत घेतली आणि ओढ्याच्या वाटेला लागले.